‘एकदा लावा आणि विसरून जा’ हे पटलं नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत, घरचे फोटो आणि कागदपत्रं दरमहा भाडं न भरता स्वतःच कशी जपून ठेवावीत, यावर लेख होता. रास्पबेरी पाय हा तळहातावर मावणारा संगणक, त्याला एक हार्ड डिस्क, त्यावर लिनक्स ही संगणक चालवणारी मूळ प्रणाली आणि सिंकथिंग हा मोफत, मुक्तस्रोत प्रोग्राम. दोन घरांत अशी दोन यंत्रं ठेवली की या घरात टाकलेली फाइल त्या घरात आपोआप पोचते, आणि तिची प्रत मधे कुठल्याही कंपनीकडे राहत नाही. लेख चांगला होता. साडेतीन वर्षं मी हेच करते आहे, त्यामुळे तो दोनदा वाचला. पण शेवटी लेखकाने लिहिलं आहे, ‘एकदा लावा आणि विसरून जा.’ कृपा करून वाचकांना असं सांगू नका. मी विसरले होते, आणि त्यात आमच्या घरचे चार हजारांवर कागद जाता जाता राहिले.

मी चिपळूणला राहते. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरी झाली. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या तळमजल्यावर छातीएवढं पाणी होतं. लोखंडी कपाटात वडिलांची पत्रं, आईची पाककृतींची वही, जमिनीचे जुने कागद आणि सहा अल्बम होते. पाणी ओसरल्यावर अल्बम उघडले तेव्हा फोटो एकमेकांना चिकटले होते. ओल्या कागदात वर्तमानपत्र घालू नये, शाई उतरते, हे ग्रंथालयात शिकले होते. म्हणून कोरे कागद मधे घालून पंख्याखाली आठ दिवस एकेक पान सुटं केलं. जे वाचलं ते सगळं स्कॅन केलं. त्याची एक प्रत चिपळूणला आणि एक पुण्याला मुलीकडे असावी, म्हणजे एका गावात पाणी भरलं तरी दुसरीकडे कागद राहतील, यासाठी हा सगळा खटाटोप.

आता जूनमध्ये काय झालं ते सांगते. पहिल्या मोठ्या पावसात एका रात्रीत तीनदा लाइट गेली आणि आली. सकाळी यंत्राचा हिरवा दिवा लुकलुकत होता, म्हणून मी निर्धास्त. एकोणीस दिवसांनी मुलीचा फोन आला, “आई, तू सातबाऱ्याचं नवं स्कॅन टाकलंस म्हणालीस, इथे आलेलंच नाही.” ब्राउझरमध्ये सिंकथिंगचं पान उघडलं तर फोल्डरची ओळ लाल होती. फोल्डरची खूण सापडत नाही, माहिती गमावण्याची शक्यता आहे, असा तो संदेश होता. इंग्रजीत असला तरी स्पष्ट होता. मी भाच्याला फोन केला. तो म्हणाला, “मावशी, सोपं आहे. त्या खुणेच्या नावाचा रिकामा फोल्डर तिथे करून टाक, एरर जाईल.” मी केला. एरर गेली.

दहाएक मिनिटांत मुलीचा परत फोन. तिकडच्या फाइलींचा आकडा तिच्या डोळ्यांदेखत उतरत होता. साडेअकरा हजारांचे दहा हजार, मग नऊ. मी ओरडले, “वायर काढ! आधी नेटची वायर काढ!” तिने काढली तेव्हा आकडा सात हजार तीनशेवर होता.

झालं होतं असं. वीज येता-जाता हार्ड डिस्क यंत्राला जोडलीच गेली नव्हती. लिनक्समध्ये डिस्क एखाद्या रिकाम्या फोल्डरवर येऊन बसते, त्याला माउंट होणं म्हणतात. डिस्क बसली नाही तर तो फोल्डर तसाच रिकामा दिसतो. सिंकथिंगला बाहेरून एवढंच कळतं की काल साडेअकरा हजार फाइली होत्या, आज एकही नाही. नेमकी या प्रसंगासाठीच तो प्रत्येक फोल्डरात एक लपलेली खूण ठेवतो. ती दिसली नाही की ‘सगळं पुसलं’ असा निरोप पुढे न देता जागच्या जागी थांबतो. एकोणीस दिवस त्याने आमचे कागद सांभाळले होते. रिकाम्या जागी ती खूण मीच हाताने करून दिली, तेव्हा त्याने समजायचं ते समजलं आणि पुण्याची प्रत पुसायला घेतली.

दोन गोष्टींनी वाचले. एक, चिपळूणची डिस्क धड होती, फक्त जोडलेली नव्हती. दुसरी, पुण्याच्या यंत्रावर जावयांनी सुरुवातीलाच ‘व्हर्जनिंग’, म्हणजे जुन्या प्रती जपण्याची सोय, चालू केलं होतं, त्यामुळे तिथल्या फाइली नष्ट न होता एका लपलेल्या फोल्डरात जाऊन पडल्या होत्या. ही सोय मुळात बंद असते, आपण चालू करावी लागते. आणि ती फक्त दुसऱ्या यंत्राकडून आलेल्या बदलांना लागू होते. आपल्याच यंत्रावर आपल्याच हाताने पुसलेली फाइल तिथे सापडणार नाही. म्हणून दोन्ही घरी चालू हवी. तुमच्या लेखात हिचा उल्लेख नाही, आणि माझ्या मते सगळ्यात आधी सांगायची गोष्ट हीच. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. इकडे चुकून पुसलेलं तिकडेही पुसलं जातं, तेही मिनिटाभरात.

त्या दिवशी मी चिपळूणचं सिंकथिंग थांबवलं, डिस्क नीट जोडली, फाइली मोजल्या, मग त्याला फोल्डर पुन्हा तपासू दिला आणि शेवटी पुण्याची वायर लावायला सांगितली. क्रम महत्त्वाचा आहे. आता दोन्ही यंत्रांवर, सिंकथिंग आपोआप सुरू करणाऱ्या सेवेच्या फाइलमध्ये एक ओळ घातली आहे, की डिस्क माउंट झाली नसेल तर सिंकथिंग सुरूच होऊ नये. शिवाय डिस्क बसते त्या रिकाम्या फोल्डरला कुलूप लावलं आहे, म्हणजे डिस्क नसताना तिथे कुणालाच काही लिहिता येत नाही, मलाही नाही.

डिस्क जोडली का गेली नाही, हे शोधायला आणखी आठवडा गेला. यंत्राला मी मोबाइलचा जुना चार्जर लावला होता. रास्पबेरी पाय ४ ला ५.१ व्होल्ट आणि ३ अँपिअर देणारा अडॅप्टर लागतो, आणि बाहेरची हार्ड डिस्क त्याच्याच यूएसबीतून वीज घेते. ताकद कमी पडली की डिस्क मधेच टक-टक आवाज करते आणि गायब होते. वीज कमी पडत असल्याची सूचना पडद्याच्या कोपऱ्यात विजेच्या चिन्हाने येते, पण आमच्यासारख्यांच्या यंत्राला पडदाच नसतो. यंत्राच्या नोंदवहीत मात्र ‘अंडर-व्होल्टेज’ अशा ओळी रोजच्या रोज पडलेल्या होत्या. मी त्या कधी उघडून पाहिल्या नव्हत्या. आता योग्य अडॅप्टर आहे, डिस्कला स्वतःची वीज असलेला यूएसबी हब आहे, आणि राउटर व यंत्र मिळून एक छोटा यूपीएस. ज्या गावात पावसाळ्यात लाइटचा भरवसा नाही, तिथे हा खर्च आधी धरावा.

लाइटवरून आणखी एक. पाय ४ आणि त्याआधीच्या पायमध्ये घड्याळाला बॅटरी नसते. लाइट आली पण नेट आलं नाही, तर यंत्र जुन्या वेळेवरच चालत राहतं. एकच फाइल दोन्हीकडे बदलली असेल तर सिंकथिंग जुन्या वेळेची प्रत बाजूला काढतो आणि तिच्या नावात ‘सिंक-कॉन्फ्लिक्ट’ घालतो. घड्याळ चुकलेलं असेल तर बाजूला निघते ती आपली खरी प्रत. आईच्या वहीतल्या घावनांची कृती मी टंकली होती. तिच्यात मुलीने आणि मी एकाच दिवशी दुरुस्त्या केल्या. माझी दुरुस्ती अशीच बाजूला पडली होती, ती दोन महिन्यांनी सापडली. अशा नावाच्या फाइली अधूनमधून शोधाव्यात.

पुसल्या गेलेल्या चार हजार दोनशे फाइली पुण्याला पुन्हा पोचायला पावणेतीन दिवस लागले. सेकंदाला दीडशे किलोबाइट, त्याहून जास्त नाही. इंटरनेटवाल्याच्या मुलाला बोलावलं. तो म्हणाला, “काकू, स्पीड टेस्ट बघा, नव्वद येतंय.” खरंच येत होतं. पण सिंकथिंगच्या पानावर जोडणीपुढे ‘रिले’ लिहिलेलं होतं. आमच्याकडे येणारा इंटरनेटचा पत्ता आमचा एकट्याचा नाही. एकाच पत्त्यावर अनेक घरं बसवलेली असतात, त्याला सीजी-नॅट म्हणतात. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता शंभरने सुरू होत असेल आणि त्यापुढचा आकडा ६४ ते १२७ मधला असेल, तर ओळखावं. अशा घराचं दार बाहेरून ठोठावता येत नाही, मग दोन्ही यंत्रं स्वयंसेवकांनी चालवलेल्या एखाद्या मधल्या सर्व्हरमार्फत बोलतात. मजकूर कुलूपबंद असतो, त्याला तो वाचता येत नाही, पण वाट अरुंद.

मला स्वतंत्र पत्ता हवा आहे, असं मी त्या कार्यालयात तीनदा सांगितलं. प्रत्येक वेळी मला जास्त स्पीडचा प्लॅन दाखवला गेला. जोडणी देतानाच हे ग्राहकाला लेखी सांगितलं पाहिजे, असं माझं ठाम म्हणणं आहे. पैसे आपण नव्वदचे मोजतो, आणि दोन घरं जोडायला निघालो की ते नव्वद उपयोगी पडत नाहीत.

अखेर उपाय पुण्याकडून निघाला. दोनपैकी एका घराचं दार उघडं असलं तरी पुरतं. मुलीच्या जोडणीला स्वतंत्र पत्ता आहे. तिच्या राउटरमध्ये २२००० क्रमांकाचं पोर्ट, म्हणजे सिंकथिंगचं दार, तिच्या यंत्राकडे वळवलं. आता चिपळूणचं यंत्र स्वतःच तिकडे फोन लावतं, आणि ‘रिले’ हा शब्द गेला. हे करताना एक पथ्य पाळावं. सिंकथिंगचं नियंत्रणाचं पान ८३८४ या पोर्टवर असतं, ते बाहेर कधीही उघडू नये.

आता मराठीत काम करणाऱ्यांसाठी मुद्दाम. काही फाइली कितीही वेळ दिला तरी पुण्याहून इकडे येतच नव्हत्या. त्या सगळ्या मुलीने विंडोजच्या लॅपटॉपवरून टाकलेल्या होत्या, आणि सगळ्यांची नावं माझ्याच सवयीची: कुणी, कुणाला, कुठून, कधी, कशाबद्दल. लिनक्सवर फाइलचं नाव २५५ बाइटांपेक्षा मोठं चालत नाही आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. काना, वेलांटी, जोडाक्षरातला हलन्त, सगळं वेगळं मोजलं जातं. ‘रत्नागिरी’ रोमन लिपीत लिहिलं तर ९ बाइट, देवनागरीत २७. म्हणजे आपल्याला नावासाठी ८५ चिन्हं मिळतात. विंडोज मात्र चिन्हं मोजतं, बाइट मोजत नाही, त्यामुळे तिथे ते नाव निमूटपणे चालतं. इंग्रजीत नावं ठेवणाऱ्याला ही अडचण क्वचितच येते, म्हणून ती सहसा कुणी सांगतही नाही. मी मराठी नावं सोडलेली नाहीत. नाव आटोपशीर ठेवते आणि बाकीचा तपशील शेजारच्या मजकूर-फाइलमध्ये लिहिते.

हे सगळं माझं मी निस्तरू शकले, कारण आमच्या ग्रंथालयात कोहा ही ग्रंथालयाच्या कामाची प्रणाली लिनक्सवर चालायची आणि आज्ञा टंकायच्या काळ्या पडद्याची भीती तिथेच गेली होती. तुमचा लेख वाचून जे उद्या यंत्र आणतील, त्यांतल्या अनेकांना ती भीती असेल. त्यांच्या यंत्राचाही हिरवा दिवा लुकलुकत राहील. म्हणून विनंती अशी की त्याच लेखकाकडून दुसरा लेख लिहवून घ्यावा, यंत्र लावण्याचा नव्हे, बिघाड शोधण्याचा. लाल ओळ दिसली तर काय करावं, आणि त्याहून आधी, काय करू नये. व्हर्जनिंग आणि डिस्कचं माउंट, या दोन गोष्टी त्यात मोठ्या टायपात छापा.

मी आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चिपळूणच्या फोल्डरात एक छोटी मजकूर-फाइल टाकते. आत त्या दिवसाची तारीख आणि इथे पाऊस किती आहे, एवढंच. मुलीने ती पुण्याच्या यंत्रावर उघडून आतली ओळ मला फोनवर वाचून दाखवायची. नुसतं ‘आली’ म्हटलेलं मी धरत नाही.

आपली,
एक निवृत्त ग्रंथपाल, चिपळूण

ता. क. लेखात मोबाइलसाठी सिंकथिंगचं मूळ अँड्रॉइड अ‍ॅप सुचवलं आहे. त्याची शेवटची आवृत्ती डिसेंबर २०२४ मध्ये आली आणि ते थांबलं. त्यावरून निघालेलं ‘सिंकथिंग-फोर्क’ हे वेगळं अ‍ॅप आहे, मी ते वापरते. एवढी दुरुस्ती पुढच्या पुरवणीत जरूर छापावी.