गुठळीचं वय कुणी विचारत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात आपल्या आरोग्य पुरवणीत ब्रेन स्ट्रोकवर अर्धं पान आलं होतं. लेख चांगला होता, तोंड वाकडं होणं, हात न उचलणं, बोलणं अडखळणं, सगळ्या खुणा नीट दिल्या होत्या, त्याबद्दल काही म्हणणं नाही. माझी तक्रार आहे ती खालच्या चौकटीची. 'साडेचार तासांत इंजेक्शन मिळालं की गुठळी विरघळते' एवढं एकच वाक्य, तेही ठळक टाइपात.

मी कॅथलॅबमध्ये, म्हणजे शिरेत नळी घालून उपचार करतात त्या विभागात, टेक्निशियन आहे. अगदी असंच वाक्य मोबाइलवर दाखवत एक मुलगा मागे आमच्यावर ओरडला होता. त्याच्या वडिलांची उजवी बाजू गेली आणि पन्नास मिनिटांत हा त्यांना घेऊन हजर, एवढ्या लवकर खरंतर कुणी येतच नाही. सीटी झाला, इंजेक्शन सुरू झालं, ड्रिप चालू असतानाच आम्ही त्यांना टेबलावर घेतलं आणि एक्स-रेत दिसणारा डाय सोडून बघितलं तर मेंदूतली शीर जिथल्या तिथे बंद, थेंबभर पुढे जात नव्हतं. बाहेर निरोप गेला तसा मुलाचा तोल सुटला. इंजेक्शन एक्सपायरीचं होतं म्हणाला, पाणी भरलं होतं म्हणाला. त्याला तरी काय बोलणार, त्याच्या हिशोबाने त्याने सगळं बरोबर केलं होतं आणि बरोबर केलं की गुठळी विरघळते असं त्याने वाचलं होतं.

आता ते इंजेक्शन करतं काय ते बघा. अल्टेप्लेज, म्हणजे हेच औषध, स्वतः गुठळी कापत नाही. आपल्या रक्तात प्लाझ्मिनोजेन नावाची एक झोपलेली कात्री असते, हे औषध तिला जागं करतं आणि मग ती फायब्रिनचे धागे कापते. फायब्रिन म्हणजे ज्या जाळ्यात रक्तपेशी अडकून गुठळी होते ते जाळं. म्हणजे कात्री चालते ती फक्त या एका धाग्यावर, आणि गुठळीत काय एकच धागा असतो होय?

त्या वडिलांची गुठळी मग आम्ही नळीने ओढून काढायला घेतली, तिसऱ्या खेपेला ती निघाली. गॉझवर ठेवली तर बोटाच्या पेरापेक्षा लहान, फिकट, जवळजवळ पांढरी, चिमट्याने दाबली तर खोडरबरासारखी परत वर आली. त्याच आठवड्यात दुसऱ्या एका पेशंटची काढली होती ती काळपट लाल, चिमटा लागताच तुटणारी. अशा लाल गुठळीत तांबड्या पेशी जास्त आणि जाळं विरळ, त्यात औषध बऱ्यापैकी मुरतं. फिकट गुठळीत फायब्रिन आणि प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी, ठासून भरलेल्या असतात. या प्लेटलेट्स नुसत्या बसून राहत नाहीत, त्या जाळं आतून ओढून आवळतात, ओलं फडकं पिळावं तसं, इतकं की मधल्या तांबड्या पेशी चेपून त्यांना कोपरे येतात. वरून त्या पीएआय-१ नावाचं प्रथिन सोडतात आणि ते आपल्या औषधालाच निकामी करतं. आणखी एक फॅक्टर तेरा नावाचा रक्तातला घटक आहे, तो धाग्याला धागा टाके घालून जोडतो आणि कात्री बोथट करणारं अँटीप्लाझ्मिनही त्याच टाक्यात शिवून टाकतो. बऱ्याच गुठळ्यांच्या बाहेरच्या थरावर तर हे सगळं जास्तच दाट असतं, आत मऊ आणि वरून कवच.

पुढची गोष्ट मला स्वतःला सगळ्यात भारी वाटते. पांढऱ्या पेशी जंतू पकडायला आपल्या आतला डीएनए बाहेर फेकून जाळं टाकतात, हे २००४ साली कळलं. तीच डीएनएची जाळी स्ट्रोकच्या गुठळ्यांत सापडली. आता डीएनए म्हणजे फायब्रिन नव्हे, आपल्या कात्रीला तो कापताच येत नाही! पेशंटमधून काढलेल्या गुठळ्यांवर लॅबमध्ये नेहमीच्या औषधासोबत डीएनए तोडणारं एन्झाइम टाकून बघितलं तर त्या लवकर विरघळल्या. पण हे काचेच्या भांड्यातलं, वॉर्डात रोज वापरायचं औषध अजून नाही.

या गुठळ्या तपासायला मिळायला लागल्या ते सुद्धा अलीकडेच. मांडीतून किंवा मनगटातून नळी घालून गुठळी ओढून काढायची, म्हणजे थ्रोम्बेक्टॉमी, तिचा फायदा २०१५ मध्ये एकापाठोपाठ आलेल्या पाच ट्रायल्सनी पक्का केला. त्याआधी मेंदूतली गुठळी हातात यायची ती बहुतेक शवविच्छेदनात.

बरं, कशाची बनलीय हे एक झालं, लांबी हे दुसरं. २०११ च्या एका जर्मन अभ्यासात मेंदूच्या मधल्या मोठ्या धमनीतली गुठळी ८ मिलिमीटरपेक्षा लांब असेल तर शिरेतून दिलेल्या औषधाने ती उघडण्याची आशा जवळपास नाहीच असं दिसलं. कारण साधं आहे, रस्ता बंद म्हणून रक्त बाजूच्या फाट्यांनी निघून जातं आणि त्याच्यासोबत औषधही, गुठळीच्या फक्त तोंडाला लागतं. टेनेक्टेप्लेज हे त्याच्या पुढचं औषध, एका झटक्यात देता येतं आणि पीएआय-१ ला सहजी दबत नाही, पण २०१८ च्या एका ऑस्ट्रेलियन ट्रायलमध्ये, ज्यांना गुठळी काढायला घ्यायचं होतं अशा पेशंटमध्ये, त्याआधीच रक्त पुन्हा वाहायला लागलेले टेनेक्टेप्लेजवर २२ टक्के आणि अल्टेप्लेजवर १० टक्के. दुप्पट झालं हे खरं, पण शंभरातल्या उरलेल्या ७८ जणांच्या घरच्यांना तुमची चौकट काय सांगते?

मग डोस वाढवा की, असं नातेवाईक हमखास म्हणतात. नाही वाढवता येत. १९९५ च्या ज्या अमेरिकन ट्रायलवरून हे औषध स्ट्रोकमध्ये आलं त्यातच मेंदूत त्रासदायक रक्तस्राव ६.४ टक्क्यांना झाला, औषध न दिलेल्यांत ०.६ टक्के. सोबत प्लेटलेट्स रोखणारं औषध द्यावं तर तेही करून बघितलंय, २०२४ ला एका ट्रायलचा निकाल आला, त्यात फायदा दिसला नाही.

आणि ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते म्हणजे वय. साडेचार तास मोजतात ते हात पडला तेव्हापासून. गुठळी मात्र तेव्हा जन्मलेली असेलच असं नाही, ती हृदयाच्या कप्प्यात नाहीतर मानेच्या धमनीत आधीच काही दिवस तयार होऊन बसलेली असू शकते, तिथे तिचे टाके पक्के होत असतात आणि मग एक दिवस ती सुटून मेंदूत अडकते. त्या मुलाच्या घड्याळात पन्नास मिनिटंच झाली होती, गुठळीच्या घड्याळात कदाचित चार दिवस. त्याला मी गॉझवरची ती गुठळी दाखवली. 'ही? एवढीशी?' एवढंच म्हणाला आणि मोबाइल खिशात टाकला.

याचा अर्थ घाई करू नका असा कुणी काढू नये, प्लीज. शीर बंद राहिली की दर मिनिटाला साधारण १९ लाख मेंदूपेशी मरतात आणि इंजेक्शनने बरेच जण खरंच सुधारतात, मी डोळ्यांनी बघितलेत. फक्त पुढच्या वेळी चौकटीत 'विरघळते'च्या जागी 'विरघळू शकते' टाका आणि खाली आणखी एक ओळ द्या, की मोठी शीर बंद आहे का हे अँजिओग्राफीत, म्हणजे डाय सोडून काढलेल्या शिरांच्या फोटोत, बघितलंय का आणि असेल तर गुठळी ओढून काढायची सोय इथे आहे की दुसरीकडे हलवावं लागेल, हे इंजेक्शन चालू असतानाच विचारा. निवडक पेशंटमध्ये ती २४ तासांपर्यंतही काढता येते, हेही जागा उरली तर टाका.

कळावे,
आपली एक वाचक