पाण्याचा रिपोर्ट ओके, पण गाळाचं काय?

संपादक साहेब, नमस्कार.

खाडीच्या प्रदूषणाची बातमी आली की शेवटी एक वाक्य हमखास असतं, पाण्याचे नमुने घेतले, धातूंचं प्रमाण मर्यादेत आहे. अहो पण खाडीतला जीव नुसता पाण्यात राहत नाही ना, तो जेवतो पण तिथंच. शिसं, कॅडमियम, जस्त पाण्यात आलं की बरंचसं गाळाच्या बारीक कणांना आणि शेवाळाला चिकटतं, वरचं पाणी पास आणि माल सगळा खाली! तिसऱ्या (म्हणजे खाण्याचे शिंपले) पाणी गाळून तेच कण खातात, डोळ्यांना न दिसणारे जीव ते शेवाळ खातात, आणि धातू काही कुजून संपत नाही.

बरं, विषारीपणाची नेहमीची टेस्ट असते ती डाफ्निया नावाच्या पिसूएवढ्या जिवावर, २४ तासांच्या आतली पिल्लं ४८ तास त्या पाण्यात ठेवायची आणि किती हलायची थांबली ते मोजायचं. या ४८ तासांत त्यांना खायला काहीच देत नाहीत, मग खाण्यातून किती विष गेलं ते कळणार कसं? आणि खाण्यातून गेलेल्या धातूने जीव लगेच मरतोच असं नाही, अंडी कमी घालतो. मेलेला मासा काठावर दिसतो तरी, न घातलेलं अंडं कोणाला दिसणार.

तांब्याचंच बघा, कोलंबी-खेकड्यांच्या रक्तात लोह नाही तांबं असतं, थोडं त्यांना लागतंच, पण जास्त झालं की तेच मारतं, मोरचूद (तांब्याचाच क्षार) टाकून तळ्यातल्या गोगलगायी मारतात ते काय उगाच.

अमेरिकेत १९८६ पासून सरकारच किनाऱ्यावरचे शिंपले काढून त्यांच्या मांसातले धातू मोजतंय, मसल वॉच म्हणतात त्याला. आपली ठाणे खाडी २०२२ ला रामसर यादीत (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या) गेली, फ्लेमिंगोचे फोटो सगळे टाकतात (मी पण टाकतो), ते पक्षीसुद्धा चिखलपाणी गाळूनच खातात. मग दर तीन महिन्यांनी इथल्या तिसऱ्या आणि गाळ तपासायला काय हरकत आहे? आम्ही तिसऱ्या मिठाच्या पाण्यात ठेवतो, त्याने वाळू निघते, कॅडमियम नाही निघत. आणि ते आकडे वेबसाइटवरच्या पीडीएफमध्ये गाडू नका, मराठीत छापून कोळीवाड्यात बोर्डावर लावा, चिखलात कंबरेपर्यंत उतरून तिसऱ्या काढणाऱ्या बायकांना ते आधी कळू देत.

आपला,
तिसऱ्या न सोडणारा एक वाचक, ठाणे