ड्रेसिंग रूमच्या मामांना

प्रिय मामा,

तुम्ही फेसबुकवर नाही हे माहितीये मला, पण तुमचा मुलगा आहे, तो वाचून दाखवेल, आणि तुम्ही मध्येच "कित्याक ह्या सगळा" म्हणणार हेही माहितीये. तुमच्या रिटायरमेंटला शाल झाली, नारळ झाला, साहेबांचं भाषण झालं, आणि मला बोलायला उभं केलं तर घसाच दाटला. "मामांचे आभार" एवढं म्हणून मी खाली बसले. राहिलेलं आज लिहितेय.

घाटावरची मी, बाँडची पोस्टिंग (शिक्षण संपल्यावरची सक्तीची सरकारी नोकरी) म्हणून देवगडच्या बाजूला आलेले, मासा कुठला ते ओळखता येत नव्हतं आणि खरं सांगायचं तर टाकेही धड घालता येत नव्हते. इंटर्नशिपला जिथे होते तिथे सुई रेसिडेंट डॉक्टरच्या हातात, आमच्या हातात रक्ताच्या बाटल्या आणि रिपोर्ट. स्वतःच्या हाताने घातलेले टाके मोजून अकरा, तेही सगळे डोक्याचे, केसात लपणारे.

पहिल्याच आठवड्यात तो गडी आला, आठवतंय? कलमांच्या बागेत बेणणी करताना कोयता पोटरीला बसलेला, सकाळची जखम, दगडीपाला चोळून वर फडकं बांधून संध्याकाळी आला. मी बेटाडिन ओतलं, आठ टाके घातले, घट्ट, आणि मनात म्हणलं काय सुंदर लाईन आलीये. तिसऱ्या दिवशी पाय लाल, गरम, टाक्यांच्या मधून पू. तुम्ही पेशंटसमोर एक शब्द काढला नाहीत. गपचूप ट्रे लावलात, मी सांगितले ते टाके काढले, आतून पाल्याचा एक बारीक काळा तुकडा निघाला तो गॉजवर ठेवून फक्त माझ्याकडे सरकवलात. पेशंट गेल्यावर म्हणालात, "बाय, टाके कोणय घालता. धुवूक वेळ कोणाक नाय."

तो तुकडा मला अजून दिसतो.

मग धुणं शिकवलंत. बेटाडिन कडेच्या चामडीला, जखमेच्या आत नाही. आत सलाईन, तेही वरून ओतायचं नाही, २० मिलीची सिरिंज, पुढे १८ नंबरची सुई, आणि जोरात पिचकारी. मी नंतर पुस्तक काढून बघितलं तर तेच लिहिलेलं, जखमेच्या दर सेंटीमीटरला ५० ते १०० मिली, आणि सलाईन नसेल तर पिण्यालायक नळाचं पाणीही चालतं. म्हणजे पाच सेंटीमीटरच्या जखमेला निदान पाव लिटर! मी त्या गड्याच्या पायावर कपभरही वापरलं नव्हतं. पण धुण्याआधी भूल, नाहीतर पेशंट नीट धुवूच देत नाही, हेही तुमचंच. लिग्नोकेनची, म्हणजे भुलीच्या औषधाची, बाटली मुठीत धरून कोमट करायची, बारीक सुई, चामडीतून न टोचता जखमेच्या कडेतून आत जायचं, सावकाश सोडायचं, आणि तोवर पेशंटला बाजारात बांगडो काय भावाने गेला ते विचारायचं. डोसचा हिशोब मात्र माझा होता बरं का, साधं (अॅड्रेनालिन नसलेलं) लिग्नोकेन वजनाच्या किलोला ३ मिलिग्रॅम धरायचं, म्हणजे ५० किलोच्या माणसाला २ टक्केवालं साडेसात मिली झालं की थांबायचं. ते मी भिंतीवर लिहून लावलं तेव्हा तुम्ही चष्मा लावून दोनदा वाचलंत.

आणि केळीच्या साली! दुपारची ओपीडी संपली की तुम्ही दोन साली ट्रेमध्ये घेऊन यायचात. स्वतः सुई कधी धरली नाहीत, "आमचा काम न्हय ता", पण तीस वर्षं शेजारी उभं राहून बघितलेलं. सुई टोकाकडे धरली की वाकते, मागच्या बाजूला धरायची, टोकापासून दोन तृतीयांशावर. आत सरळ काटकोनात घालायची आणि मनगट फिरवायचं, ढकलायचं नाही. कडा आत मुडपल्या तर जखम भरत नाही, जराशा बाहेर उमलायला हव्यात. आणि गाठ घट्ट ओढली की साल फाटायची, तुम्ही नुसते हसायचात. माणसाची चामडी फाटत नाही, पांढरी पडते आणि दोन दिवसांनी मरते, साल बिचारी लगेच सांगते. मला वाटतं मेडिकल कॉलेजात सिम्युलेशन लॅबपेक्षा केळ्यांचा घड टांगावा.

पाकटाची, त्या शेपटीला विषारी काटा असलेल्या माशाची, केस तर विसरूच शकत नाही. तो मुलगा, जाळं ओढताना पाकटाचा काटा पायात, ओरडत होता नुसता. मी भोक बघून म्हणलं एक टाका घालूया. तुम्ही काही न बोलता गरम पाण्याची बादली आणून ठेवलीत. आधी त्याचा दुसरा पाय बुडवून घेतलात, कारण दुखऱ्या पायाला चटका कळत नाही आणि भाजतं. ४५ डिग्रीच्या वर नको, मी थर्मामीटर घेऊन बसले. अर्ध्या तासात पोरगं गप्प, तासाभराने चहा मागत होतं. पाकटाचं विष उष्णतेने निकामी होतं हे मी वाचलेलं होतं कुठेतरी, पण बादली आणायचं डोक्यात आलं असतं का? नाही. मग एक्स-रे, काट्याचा तुकडा काढला, धुतलं, आणि उघडंच ठेवलं. खाऱ्या पाण्याची जखम बंद करायची नाही, आत व्हिब्रिओसारखे जंतू राहतात, साखरवाला किंवा लिव्हर बिघडलेला असेल तर एका रात्रीत पाय काळा पडतो. आता कालवं काढताना पाय कापलेली बाई आली तरी मी आधी शुगर विचारते.

कुत्रा चावलेल्याचं तेच, साबण आणि वाहतं पाणी पंधरा मिनिटं घड्याळ लावून, मग रेबीजचं सिरम आणि लस, टाक्यांची घाई नाही.

तुमच्याजागी अजून कोणी आलेलं नाही. सिस्टर आणि मी मिळून करतो. टाके काढायच्या तारखा तुमच्याच वहीत लिहिते, तोंडाचे पाच दिवस, डोक्याचे सात ते दहा, पाय आणि सांध्यावरचे चौदा, आणि वहीच्या पहिल्या पानावर तुमच्या अक्षरात ठळक लिहिलेलं आहे, "हळद, कॉफी, चुना, मशेरी घालून आलेल्यास आधी ओरडणे, मग धुणे."

म्हणून विचारते मामा, परवा काकूंचा फोन आला होता. नारळ फोडताना तुमच्या अंगठ्याला कोयता लागला म्हणे, आणि तुम्ही वर काय भरलंत? हळद!

मंगळवारी येतेय. सिरिंज, सलाईन, टीडीचं (धनुर्वाताचं) इंजेक्शन घेऊन. आधी ओरडणार आहे.

तुमची,
घाटावरची डॉक्टर