तिळगुळाच्या डब्यासोबत

फ्रीमाँट,
१८ जानेवारी २०२६

चि. कौस्तुभ यास अनेक आशीर्वाद.

संक्रांतीला गोड बोला म्हणायला मी फोन केला आणि पाचव्या मिनिटाला तू तो ठेवलास. बाबा म्हणाले, मेसेज टाक. मेसेजला तू नुसता अंगठा पाठवतोस, म्हणून पत्र. डब्यात वरती वड्या आहेत. पाक यंदा जरा पुढे गेला, तेव्हा दाढेखाली घेऊ नकोस, आधी हातानं तोड. खाली प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या तुझ्या स्कोअरच्या वह्या आहेत. गॅरेज रिकामं करायचंय, फोटो काढणारा फेब्रुवारीत येतोय. घराबद्दल आज बोलायचं नाही असं मी ठरवलंय.

फोनवर मी एवढंच म्हणाले होते की आपली ओकलंडची बेसबॉल टीम, ॲथलेटिक्स, आता सॅक्रामेंटोला तुझ्या दारात आलीय, टॉवर ब्रिज ओलांडला की मैदान, सीझन सुरू झाला की एखाद्या शनिवारी जा. त्यावर तू जे बोललास ते पुन्हा लिहीत नाही. 'आई, तुला कळत नाही' हे त्यातलं सगळ्यात सौम्य. माझ्या त्या वाक्यात मला शनिवार महत्त्वाचा होता रे. शनिवारी तू काय करतोस? हे विचारणार नव्हते. आता लिहिलंय तर खोडत नाही.

मला कळत नाही म्हणालास, म्हणून सांगते. १ मे १९९१. तू जेमतेम महिन्याचा होतास. टीव्हीवर एक माणूस जमिनीतली पांढरी उशी उपटून डोक्यावर धरून उभा होता आणि ते दृश्य दिवसभर पुन्हा पुन्हा दाखवत होते. सुलूआत्या तेव्हा माझ्या मदतीला आलेली. ती म्हणाली, एवढा धट्टाकट्टा माणूस, उशी घेऊन काय नाचतोय? तो आपल्या टीमचा रिकी हेंडरसन होता आणि ती उशी म्हणजे बेस. लू ब्रॉकचा ९३८ बेस चोरण्याचा, म्हणजे चेंडू टाकला जात असतानाच पळून पुढचा बेस गाठण्याचा, विक्रम त्यानं त्या दिवशी मोडला. पुढे तो १,४०६ पर्यंत गेला आणि अजून कोणी त्याच्या आसपासही नाही. हे आकडे मला तूच शिकवलेस, मी ते विसरलेले नाही. मला या देशात येऊन फार दिवस झाले नव्हते, मी कोणाला ओळखत नव्हते, आणि तुझ्या जन्मानंतर घराबाहेरचा ओळखीचा झालेला पहिला चेहरा त्याचा. गेल्याच्या गेल्या डिसेंबरात, सहासष्टावा वाढदिवस पाच दिवसांवर असताना तो गेला, तेव्हा तू फोन केला होतास. अर्धा तास नीट बोलला होतास. तसं नंतर बोललेला नाहीस.

बेसबॉल मला बाबांमुळे आला नाही, हे तुला माहीत आहेच. बाबा अजूनही पिचरला बोलरच म्हणतात आणि फुलटॉस सोडला की चिडतात. मला आला तो आबांमुळे. सोलापूरला आबा रेडिओवर बाळ ज. पंडितांचं क्रिकेटचं समालोचन ऐकत कॅलेंडरच्या पाठीमागे रेघा मारून स्कोअर लिहायचे आणि मी शेजारी बसून पेन्सिलला टोक करायचे. त्यामुळे कॉलिझियममध्ये, टीमच्या ओकलंडच्या मैदानात, ती चौकटी-चौकटींची वही बघितली तेव्हा मला एकदम बरं वाटलं. हे मला येईल असं वाटलं. तुला शाळेतलं गणित शिकवायला मी कंटाळायचे, पण सॅक्रिफाइस फ्लाय, म्हणजे स्वतः झेलबाद होऊन दुसऱ्याला धाव मिळवून देणं, कसा लिहायचा हे दहादा सांगितलं असेल.

बुधवारची स्वस्त तिकिटं, फ्रीमाँटहून बार्टची लोकल, युनियन सिटी, साउथ हेवर्ड, हेवर्ड, बे फेअर, सॅन लिअँड्रो, मग तो लांबलचक जाळीचा पूल. बाहेरचं खाणं आत नेऊ देत असत, म्हणून माझ्याकडे बटाट्याच्या भाजीच्या पोळ्या आणि चिवडा. ढोल वाजवणाऱ्यांच्या बाजूला बसायचं असा तुझा हट्ट. त्यांच्यातल्या एकानं मूठभर चिवडा तोंडात टाकला आणि हिरवी मिरची लागल्यावर काय झालं होतं आठवतंय? ताई अजून त्याची नक्कल करते. एक डॉलरचा हॉटडॉग तू आजीला न सांगता खायचास. आजीला माहीत होतं.

आणि ४ सप्टेंबर २००२. वही उघडून बघ, लाल पुठ्ठ्याची. ५५,५२८ माणसं. एकोणीस सामने सलग जिंकून झालेले, विसावा कॅन्सस सिटीशी. तिसऱ्या इनिंगलाच आपले ११-०. बाबा म्हणाले, संपली मॅच, उद्या शाळा आहे, गर्दीच्या आधी निघू. तू खुर्ची दोन्ही हातांनी धरून बसलास. मग ते एकेक करत ११-११ झालं आणि माझ्या हातातून पेन्सिल चालेना. नववी इनिंग त्या पानावर तुझ्या अक्षरात आहे, अकरा वर्षांच्या तुझ्या वाकड्या अक्षरात. हॅटेबर्ग, राखीव म्हणून आलेला, आणि त्याच्या नावापुढे होमरनचा, म्हणजे बाबांच्या भाषेत सिक्सरचा, तू काढलेला चौकोन इतका जोरात भरलायस की कागद फाटलाय. १२-११. अमेरिकन लीगमध्ये तोवर कोणी सलग वीस जिंकले नव्हते. बाबांनी त्या रात्री ओळखपाळख नसलेल्या एका दाढीवाल्याला मिठी मारली. क्रिकेटमध्ये त्यांनी कधी कोणाला मारलेली मी तरी बघितली नाही.

हे लिहिताना मी भरकटतेय. सांगायचं होतं ते हे, की त्या टीमनं तुला रडायलाच जास्त शिकवलं. २००० ते २००३, ओळीनं चार वर्षं, सीझननंतरच्या बादफेऱ्यांतल्या पहिल्याच फेरीत पाचव्या सामन्यात हार. २००१ ला तर न्यूयॉर्कशी २-० पुढे असताना. त्यांचा तो जीटर कुठून धावत आला आणि आपला धाकटा जिआंबी होमला, शेवटच्या बेसला, घसरला का नाही, याची चर्चा आपल्या जेवणाच्या टेबलावर दिवाळीपर्यंत चालली. वर आवडता खेळाडू झाला की त्याला दुसरीकडे पैसे मिळणार. थोरला जिआंबी गेला, तेहादा गेला, हडसन आणि मल्डर एका डिसेंबरात गेले, झिटो तर खाडीपलीकडे सॅन फ्रान्सिस्कोलाच. म्हणून मी नाव लिहिलेली जर्सी घ्यायची नाही, नुसती टोपी घ्यायची, असा नियम केला होता. तू वाढदिवसाच्या पैशांनी झिटोची ७५ नंबरची घेतलीसच. तीही डब्यात आहे. बाही जरा कुरतडलीय.

तुला त्या वयात एवढं सहन करता आलं, मग आता का रे. बघ, भाषण सुरू झालं. राहू दे.

२००६ ला टीम आपल्याच गावात यायची ठरली होती. सिस्को फील्ड नावाचं नवं मैदान, फ्रीमाँट, नकाशे पेपरात छापून आले. तू सायकलवरून ती मोकळी जमीन बघायला रोज जायचास. ट्रॅफिक वाढेल, घराच्या किमती पडतील म्हणून लोक विरोधाच्या सह्या गोळा करत आपल्याही दारी आले, आणि मी केली नाही. त्या बाईंनी नंतर गणपतीला माझ्याशी बोलणं टाकलं, तरी केली नाही. २००९ मध्ये सगळं बारगळलं. कधी कधी वाटतं, तेव्हा झालं असतं तर आज तू दर शनिवारी इकडे आला असतास. आला शनिवार पुन्हा.

डेव्हिसला होतास तेव्हा मदर्स डेला तुझा फोन आला. 'हॅपी' वगैरे काही नाही, नुसतं "आई, टीव्ही लाव." ९ मे २०१०. आपल्या पिचरनं, डॅलस ब्रेडननं, टँपाच्या सत्तावीस जणांना ओळीनं परत पाठवलं, एकालाही बेसवर पाय ठेवू दिला नाही. शेवटच्या इनिंगला तू फोनवर होतास आणि आपण दोघं एक शब्द बोललो नाही, नुसता तुझा श्वास ऐकू येत होता. मग तो पोरगा आजीच्या गळ्यात पडला. आई नव्हती रे त्याला. इतर बायकांना त्या दिवशी फुलं मिळाली असतील, मला ते नको होतं.

जून २०२३ ला, टीम ओकलंडबाहेर हलवायला निघालेल्या मालकाविरुद्ध लोकांनी मैदान भरवलं, तेव्हा तू सॅक्रामेंटोहून आला होतास. सत्तावीस हजारांवर माणसं, अंगात 'विका' लिहिलेले हिरवे टीशर्ट, आणि टीम जिंकली पण. रेबेकानं माझ्यासाठीही एक टीशर्ट आणला होता. तिचं नाव घेणार नव्हते. पण कौस्तुभ, २६ सप्टेंबर २०२४ ला ओकलंडमधल्या शेवटच्या मॅचला तू एकटा आलास आणि मला म्हणालास तिला काम आहे, तेव्हा मी काही विचारलं नाही, आणि त्यानंतर टीमही गेली आणि तीही. एकाच हिवाळ्यात. तू बोलतोस मात्र टीमबद्दलच. मालकाला शिव्या देतोस, त्या मी ऐकून घेते. त्याच्याबद्दल माझंही मत तेच आहे. पण दर वेळी फोन ठेवल्यावर मला वाटतं, यातलं त्याच्या वाट्याचं किती आणि तिच्या वाट्याचं किती?

त्या दिवशी टीमचा मॅनेजर कॉट्से यानं मैदानात उभं राहून शेवटचं 'लेट्स गो ओकलंड' म्हणायला लावलं तेव्हा ४६ हजार माणसं ओरडत होती आणि तू ओरडत नव्हतास. टेक्सासला ३-२ हरवलं तरी कोणी जागचं हलत नव्हतं. तू खाली जाऊन कपात माती भरून घेतलीस. ती इथेच राहिली, स्वयंपाकघराच्या खिडकीत. बाबांनी परवा ती तुळशीत घालायला उचलली होती, मी वेळेवर पोहोचले. ती डब्यातून पाठवलेली नाही. माती काय पोस्टानं पाठवायची? येऊन घेऊन जा.

फोनवर मी फिलाडेल्फियाचं बोलले त्याचा तुला सगळ्यात जास्त राग आला. पण ते खोटं आहे का? १९५४ पर्यंत ती टीम फिलाडेल्फियाची होती, मग कॅन्सस सिटीची, आणि १९६८ ला ओकलंडनं ती तिथून आणली. १९७२, ७३, ७४ ला इथे विजेतेपदाच्या मिरवणुका निघाल्या तेव्हा कॅन्सस सिटीत तुझ्यासारखी कोणी पोरं रेडिओ बंद करून बसली असतीलच. त्यांच्या आयांनी काय केलं असेल, असं माझ्या मनात येतं. याचा अर्थ तुझं दुःख खोटं, असं मी म्हटलेलं नाही. सोलापूरची गिरणी बंद पडली तेव्हा, भोंगा वाजायचा थांबला म्हणून आबा वर्षभर पहाटे चुकून उठत राहिले. त्यांना कोणी शहाणपण शिकवलं असतं तर मला आवडलं नसतं. आणि मी तेच करतेय. माफ कर. पण आबा निदान उठायचे तरी.

एक गोष्ट सांगते, चिडू नकोस. मी ऐकते. भाजी निवडताना रेडिओवर. शहराचं नाव काढून टाकलंय त्यांनी, नुसतं 'ॲथलेटिक्स' म्हणतात, ते कानाला रिकामं लागतं. पण तो निक कर्ट्झ गेल्या जुलैत ह्यूस्टनला एका मॅचमध्ये चार होमरन मारून गेला. पहिल्याच वर्षाचा पोरगा, आजवर कोणत्याही नवख्यानं हे केलेलं नाही. मी एकटीच किचनमध्ये ओरडले आणि सवयीनं तुला फोन लावायला गेले. लावला नाही. मला त्याची लाज वाटत नाही, पण तुझ्याशिवाय मजाही आली नाही.

तुला तिथे जायचं नसेल तर जाऊ नकोस. चौदा हजारांचं मैदान, जुलैतलं तुमचं ऊन, आणि मालकाच्या खिशात पैसे, मला पटतं. मग ओकलंडला ये. रायमंडी पार्कला बॉलर्स खेळतात. लोकांनी स्वतः उभी केलेली टीम, आणि गेल्या वर्षी त्यांनी त्यांची छोटी लीग जिंकलीसुद्धा. १९८९ नंतर ओकलंडच्या बेसबॉलला मिळालेलं पहिलं विजेतेपद. बाकं आहेत, बाबांच्या गुडघ्याला त्रास होईल, पण ते येतो म्हणालेत. तेही नको असेल तर जिम, लायब्ररी, ते तुझं सायकलिंग, काहीही. कोणाशी तरी समोरासमोर बोल. डॉक्टरशी बोललास तरी चालेल, आजकाल बोलतात लोक, तुझ्या ताईनंही केलं. झालं, पुन्हा तेच. मी ठरवून बसले होते की एकदाच लिहायचं.

वह्यांतली तारखांची शिस्त तुझी, अक्षर माझं. २००४ ची एक सापडत नाहीये. तुझ्याकडे असेल तर सांग. नसेल तर ती ताईच्या अॅटिकमध्ये आहे आणि ती कबूल करत नाहीये.

पुढच्या शनिवारी आम्ही दोघं सेंटरव्हिलहून सकाळच्या गाडीनं येतोय. विचारत नाहीये, कळवतेय. घर आवरू नकोस, मला सगळं दिसू दे. जेवण मी आणते. न्यायला स्टेशनवर ये, बाबांना जिने जमत नाहीत.

तुझी,
आई

ता. क. बाबा म्हणतायत, पत्रात त्यांच्या नावानं दोन ओळी घाल. काय लिहू विचारलं तर म्हणाले, "लिही की हॅटेबर्गनं तो बॉल सोडला असता तर वाइड होता." तो वाइड नव्हता, वहीत बघ.