क्रोल ऑपेरातली ९४ मतं

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू सहज म्हणालास, "हिटलरला लोकांनीच बहुमताने निवडून दिलं ना!" मी तेव्हा काही बोललो नाही, पण ते वाक्य मनातून जाईना. दिवाळीनंतर तू लेकीकडे बर्लिनला निघालायस, त्याआधी हे लिहून टाकतो.

मोकळ्या निवडणुकीत त्याला बहुमत कधीच मिळालं नाही रे. १९२८ साली त्याच्या पक्षाला तीन टक्केही मतं नव्हती, जागा १२. मग मंदी आली, बेकारांचा आकडा साठ लाखांच्या घरात गेला आणि जुलै १९३२मध्ये मतं ३७ टक्क्यांवर पोचली. पण त्याच नोव्हेंबरात पुन्हा मतदान झालं तेव्हा वीस लाख मतं घटली आणि जागा २३० वरून १९६ वर आल्या. ओहोटी लागली होती! आणि नेमकी तेव्हाच, ३० जानेवारी १९३३ला, त्याच्या हाती सत्ता दिली गेली.

दिली कुणी? माजी चॅन्सेलर, म्हणजे पंतप्रधान, फॉन पापेन कोलोनमध्ये एका बँकरच्या घरी त्याला भेटला, मग म्हाताऱ्या अध्यक्ष हिंडेनबुर्गचं मन वळवलं. मंत्रिमंडळात हिटलर धरून नाझी तिघेच, म्हणून पापेन निर्धास्त. दोन महिन्यांत त्याला कोपऱ्यात असा दाबू की तो चीं चीं करेल, असं म्हणाला होता. मला या माणसाची फार चीड येते.

तरी लोकशाहीचा पाया आधीच पोखरला होता. मार्च १९३०मध्ये बेकारी विम्याची वर्गणी अर्ध्या टक्क्याने वाढवावी की नाही, यावरून बहुमताचं शेवटचं सरकार मोडलं. अर्धा टक्का! पुढे घटनेच्या ४८व्या कलमाखाली अध्यक्षांच्या वटहुकुमांवर कारभार चालला. १९३२मध्ये संसदेने कायदे केले पाच आणि वटहुकूम निघाले साठाहून जास्त. संसदेवाचूनही भागतं, हे लोकांच्या अंगवळणी पडलं.

२७ फेब्रुवारीला राइशस्टाग, म्हणजे संसदभवन, जळालं. दुसऱ्याच दिवशी भाषण, सभा, टपालाची गुप्तता, सगळे हक्क स्थगित. मग २३ मार्च. संसदेला वगळून कायदे करायचा अधिकार हिटलरच्या सरकारला द्यायचा की नाही, यावर मतदान. संसद क्रोल ऑपेरा नावाच्या नाट्यगृहात भरलेली, आत-बाहेर तपकिरी गणवेशातली नाझी पोरं घोषणा देतायत. कम्युनिस्टांच्या ८१ जागा रिकाम्या. माणसं तुरुंगात, नाहीतर परागंदा. सोशल डेमोक्रॅट पक्षाचे १२० पैकी ९४च पोचू शकले. त्यांच्या वतीने त्यांचा नेता ओटो वेल्स उभा राहिला आणि हिटलरच्या समोर म्हणाला की आमचं स्वातंत्र्य, आमचा जीव घेता येईल, आमची अब्रू नाही. मत पडलं: ४४४ विरुद्ध ९४. कॅथलिकांचा मध्यममार्गी पक्षही 'हो'च्या बाजूला गेला. आश्वासनं मिळाली होती म्हणे. जुलैत तो पक्षच उरला नाही.

क्रोल ऑपेराची इमारत आता नाही. पण राइशस्टागसमोर ओतीव लोखंडाच्या ९६ तुटक्या कडांच्या पाट्या एकीला एक लावून उभ्या केल्यात. नाझींनी मारलेल्या खासदारांची नावं कडांवर कोरलीत, कुठे आणि केव्हा मेले तेही. घुमट बघायच्या घाईत माणसं त्यांच्या शेजारून निघून जातात. तू वाकून नावं वाच. आणि आल्यावर मला सांग, कुणाकुणाची वाचलीस.

वहिनींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद.

तुझाच