मुलांना विचारले कोणी?

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला कोविडकाळातील मुलांच्या भावविश्वावरचा पानभर लेख वाचला. दोन मानसोपचारतज्ज्ञ, एक मुख्याध्यापक, एक समुपदेशक, सगळे भरभरून बोलले आहेत. मूल मात्र एकही बोललेले नाही. तेव्हा सहावी-सातवीत होती ती मुले आज कॉलेजात आहेत, ठाणे स्टेशनच्या पुलावर उभे राहिलात तरी दहा भेटतील. असो.

'बहुतांश मुले ऑनलाइन शिक्षणाला लवकर रुळली, असे सर्वेक्षणांतून दिसते' या वाक्यापाशी मी थांबले. अशी सर्वेक्षणे कशी भरली जातात ते मी पाहिलेले आहे, म्हणून हे पत्र.

माझी मुलगी तेव्हा चौथीत होती. घरात स्मार्टफोन एकच, आणि यांची पाळी रबाळ्याला एमआयडीसीत. यांना दुसरी पाळी असली की सकाळचा वर्ग व्हायचा, पहिली असली की बुडायचा. अशात एके दिवशी शाळेच्या ग्रुपवर एक फॉर्म आला, 'पाल्याचे भावनिक स्वास्थ्य'. मूल चिडचिड करते का? झोप नीट लागते का? अभ्यासात रमते का? उत्तरे ठरलेली: कधीच नाही, कधीकधी, नेहमी. वर मुलाचे पूर्ण नाव, तुकडी आणि हजेरी क्रमांक सक्तीचा. पाठोपाठ बाईंचा निरोप : आज रात्रीपर्यंत सर्वांनी भरावा, आपल्या वर्गाचे शंभर टक्के झाले पाहिजेत.

मी मुलीला जवळ बसवून विचारले. ती म्हणाली, "कॅमेरा चालू करा म्हणतात तेव्हा मला पोटात दुखतं." का, तर आमची खोली एक. तिच्या मागे आजोबा बनियनवर पडलेले, वर दोरीवर कपडे, आणि सगळा वर्ग बघतोय. एक मुलगा काहीतरी बोलला होता म्हणे. हे तिने आम्हाला तोपर्यंत सांगितलेच नव्हते. आजोबांना वाईट वाटेल म्हणून.

आता हे 'कधीकधी' मध्ये घालायचे की 'नेहमी' मध्ये? खाली 'इतर' म्हणून एक चौकोन होता, त्यात लिहिले. दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन. आवाज गोडच होता. "ताई, असं नका हो लिहू, वरून विचारणा होते. मी दुरुस्त करून घेते." दुरुस्त म्हणजे काय केले ते मला आजतागायत कळलेले नाही. कॅमेऱ्याची सक्ती मात्र तशीच राहिली. आमची मुलगी त्या टक्केवारीत 'रुळलेली' म्हणूनच गेली असणार.

बाईंचा राग नाही, त्यांच्याही डोक्यावर कोणीतरी बसलेले होते. पण ज्या शाळेबद्दल मुलाने बोलायचे, त्याच शाळेने नाव-नंबरासकट फॉर्म भरून घ्यायचा आणि त्याला मुलांचा अनुभव म्हणायचे, हे तुमच्या तज्ज्ञांना खटकत कसे नाही?

टाळेबंदीत घरोघर जाणार कोण, असे कोणी म्हणेल. गेले की लोक! अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ, रितिका खेरा आदींच्या पुढाकाराने झालेल्या पाहणीत ऑगस्ट २०२१ मध्ये कार्यकर्ते गरीब वस्त्यांतल्या सुमारे १,४०० मुलांपर्यंत पोचले. महाराष्ट्रही त्यात होता. मुलांना साधे वाक्य वाचायला दिले. नियमित ऑनलाइन शिकणारी मुले निघाली शहरांत २४ टक्के आणि खेड्यांत ८ टक्के. रुळायला आधी वर्गात असावे लागते. आणि मुलांशी संबंधित गोष्टीत त्यांचे म्हणणे ऐकून घ्यावे, हे तर संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क कराराच्या १२व्या कलमातच आहे. भारताने तो १९९२ मध्ये मान्य केला. पण ऐकायची घाई होती कोणाला? आपल्याकडे मॉल १५ ऑगस्ट २०२१ ला उघडले आणि शहरांतले आठवीपासूनचे वर्ग ४ ऑक्टोबरला. धाकट्यांना तर त्यानंतरही घरीच बसवले होते.

लेखाच्या शेवटी 'आणखी व्यापक सर्वेक्षणाची गरज' व्यक्त झाली आहे. अवश्य करा. फक्त ते शाळेच्या ग्रुपवरून पाठवू नका, आणि आईबाप शेजारी बसलेले असताना विचारू नका. मलासुद्धा तिने सगळे सांगितले असेल, असे मी धरून चालत नाही.

आणखी एक. लेखासोबतचा फोटो! सोनेरी केसांचा मुलगा, स्वतंत्र खोली, मोठे टेबल, खिडकीबाहेर झाडी आणि समोर लॅपटॉप. हा आमच्या ठाण्यातल्या लोकमान्यनगरातला की सावरकरनगरातला? फुकट मिळाला म्हणून कुठलाही फोटो उचलण्यापेक्षा जागा कोरी ठेवा, नाहीतरी उरलेल्या अर्ध्या पानावर घोडबंदरच्या टॉवरची जाहिरात होतीच.

पत्र छापल्यास नाव देऊ नये ही विनंती. मुलगी अजून त्याच शाळेत आहे, नववीत.

– एक पालक, ठाणे (प.)