संत जॉन यांचा आजार लपवायचा कशाला?

माननीय संपादक,

8 मार्चच्या अंकातील संत जॉन ऑफ गॉड यांच्यावरील लेख वाचला. स्पेनमधल्या ग्रानादा शहराच्या या संताची आठवण एका मराठी वृत्तपत्राने काढली याचा आनंद झाला. मात्र ‘त्यांनी वेडाचे सोंग घेतले’ एवढ्या एका वाक्यात लेखकाने त्यांच्या आयुष्यातला सर्वांत महत्त्वाचा काळ उरकून टाकला आणि उरलेली जागा बुडणाऱ्या मुलासाठी हेनिल नदीत घेतलेली उडी व गुडघे टेकलेल्या अवस्थेतला मृत्यू यांना दिली, हे मनाला फार लागले.

सोंगाची ही हकीकत त्यांच्या पहिल्या चरित्रकाराने मृत्यूनंतर 35 वर्षांनी, 1585 मध्ये छापली. तिच्यावर अभ्यासकांचे एकमत नाही. पुस्तके विकून पोट भरणारा, चाळिशी ओलांडलेला माणूस प्रवचन ऐकून सैरभैर होतो, दुकानातली पुस्तके फाडतो, वाटून टाकतो, रस्त्यात लोळतो, पोरे त्याला चिखल फेकून मारतात, आणि अखेर लोक त्याला रॉयल हॉस्पिटलातल्या वेड्यांमध्ये नेऊन सोडतात. तिथे हातपाय बांधून त्याला दुहेरी दोरीचे फटके दिले जातात. हा माणूस खरोखर आजारी असू शकेल, एवढी शक्यता तरी लेखकाने का नोंदवू नये? संताला मनाचा आजार झाला, तर त्याचे संतपण उणे होते काय?

मला हे इतके झोंबण्याचे कारण घरचे आहे. माझे थोरले भाऊ ऐन तारुण्यात आजारी पडले. रात्रभर अंगणात फेऱ्या घालायचे आणि विहिरीच्या कठड्यापाशी थांबून कुणाशी तरी वाद घालत राहायचे. नातेवाईक म्हणाले, कामाचा कंटाळा आहे, सोंग करतो. मुंबईतल्या ज्या रुग्णालयात आम्ही त्यांना नेले, तिथल्या रात्रपाळीच्या वॉर्डबॉयनेही ‘नाटकं बंद कर’ असे म्हणत त्यांचे दोन्ही हात खाटेच्या लोखंडी दांडीला बांधले. घरी आल्यावर भर मे महिन्याच्या उकाड्यातही ते लांब बाह्यांचा शर्ट घालून बसत आणि मनगटाची बटणे कुणालाही काढू देत नसत. आई जेवताना बाही वर सारायला गेली, तर ताटावरून उठून जात. पुढे योग्य औषधे मिळाली आणि ते बरेच सावरले, पण त्या रुग्णालयाविषयी ते आमच्याशी कधीही बोलले नाहीत.

संत जॉन मात्र बोलले. फटके खाताखाताच त्यांनी तिथल्या रखवालदारांना, या दुबळ्या माणसांना असे का छळता, असे खडसावले आणि त्याबद्दल आणखी मार खाल्ला. आपल्याला एक इस्पितळ काढता यावे, तिथे अशा टाकलेल्या, भान हरपलेल्या माणसांची आपल्या मनासारखी सेवा करता यावी, ही प्रार्थना त्यांनी तिथेच केली. बाहेर पडल्यावर मोळ्या विकून, भीक मागून त्यांनी ते उभे केले. 1549 मध्ये त्याच रॉयल हॉस्पिटलाला आग लागली, तेव्हा आत शिरून त्यांनी रुग्णांना बाहेर काढले. लेखात या आगीचा उल्लेखसुद्धा नाही. 2001 च्या ऑगस्टमध्ये तामिळनाडूतल्या एर्वाडी येथील मनोरुग्णांच्या निवासाला आग लागली, त्या वेळी साखळ्यांनी बांधलेले 28 मनोरुग्ण मृत्युमुखी पडले. मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास कायद्याने स्पष्ट मनाई झाली ती 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या 95व्या कलमाने. हे माहीत असलेल्या वाचकाला ग्रानादाची आग किती जवळची वाटली असती, याचा विचार लेखकाने करायला हवा होता.

या संताच्या संघाने बांधलेला जुना मठ जुन्या गोव्यात सांता मोनिका या जोगिणींच्या मठाच्या शेजारी आहे, हेही आपल्या वाचकांना सांगायला हवे होते. उद्या सहलीला जाणारे कितीतरी लोक त्याच्या दारावरून जातील.

आणखी एक. त्याच पानावर खाली ‘वेड, करणी, बाहेरची बाधा, एका भेटीत खात्रीशीर इलाज’ अशी चौकटीतली जाहिरात आहे. मंत्र-ताईतांनी असे रोग बरे करण्याच्या जाहिरातींना 1954 च्या कायद्याने बंदी आहे. माझ्या आईने अशाच एका जाहिरातीवर विसंबून भावांच्या उपचाराचे सुरुवातीचे मोलाचे महिने घालवले आणि हातातल्या बांगड्या विकल्या. आपण ही जाहिरात पुढच्या अंकापासून बंद करावी आणि तसे याच पानावर जाहीर करावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

– एक वाचक, वसई